यंत्र शाळेत आले, भार कोणावर?

खेड्यातला शिक्षक यंत्राला बिचकतो, असा एक शहरी समज आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली, पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही असे कोड आले आणि २०२० साली डिसले जागतिक शिक्षक पुरस्काराचे मानकरी ठरले. तेव्हा हा समज आता सोडून द्यावा.

तथापि कोड वाचायला फोन लागतो, फोनला रेंज लागते आणि रेंजला पैसे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा घरातला एकुलता एक फोन बाप कामावर घेऊन जाई. त्या मुलाचा 'ऑनलाइन वर्ग' कुठला? कित्येक शाळांतील प्रोजेक्टर आणि टॅब लोकवर्गणीतून आले. वर्गणीसाठी दारोदार फिरले ते शिक्षकच. लोकसहभाग हा शब्द मोठा गोड आहे; पण ज्या गावातली निम्मी घरे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, त्यांनी वर्गणी द्यायची कशातून? शिवाय यंत्र एकदा येते, वीजबिल दरमहा येते. बिल थकले की जोडणी तुटते आणि प्रोजेक्टर कपाटात जातो.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २७ : जनगणना, आपत्तीनिवारण व निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक काम शिक्षकाला देता येत नाही. परंतु 'सरल', यू-डायस प्लस, पोषण आहाराची रोजची नोंद हे सारे 'शैक्षणिक'च मानायचे, म्हणजे प्रश्न मिटला! संचमान्यतेसाठी आधार पडताळणी झालेलेच विद्यार्थी धरण्याचे धोरण आले, तेव्हा हजेरीपटावरील नाव आणि आधारवरील नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी शिक्षकाची झोप उडू लागली. मूल रोज वर्गात बसते, पण संगणक त्याला ओळखत नाही. आणि पट घटला की शिक्षकाचे पद जाते. दोनशिक्षकी शाळेत एकजण माहिती भरायला बसला की पहिली ते चौथीचे सर्व वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात पडतात. ज्या यंत्राने शिकवणे सुलभ व्हायचे, त्याने शिक्षकाचा कारकून केला आहे.

म्हणून प्रत्येक केंद्रशाळेत नोंदीसाठी स्वतंत्र कर्मचारी असावा आणि वीज व इंटरनेटचे बिल शासनाने परस्पर भरावे, या दोन मागण्या आपण लावून धरू. आपल्या तालुक्यातील किती शाळांची वीज आज तोडलेली आहे, हे कार्यकर्त्यांनी येत्या आठवड्यात गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी विचारावे, आणि उत्तरही लेखीच मागावे.