लेकीचा वाटा

आज आम्ही एका अमेरिकन नाटकातलं घर घेऊन आलो आहोत. लोरेन हॅन्सबेरी यांचं ‘अ रेझिन इन द सन’ १९५९ साली ब्रॉडवेवर आलं.

शिकागोतल्या दाटीवाटीच्या घरात यंगर हे कृष्णवर्णीय कुटुंब राहतं. नवऱ्यामागे लीनाबाईंना विम्याचे १०,००० डॉलर मिळतात. ड्रायव्हर असलेल्या वॉल्टरला दारूचं दुकान काढायचंय, बेनीथाला डॉक्टर व्हायचंय. लीनाबाई ३,५०० भरून घर ठरवतात. मुलगा खचलेला पाहून उरलेले ६,५०० त्याच्या हाती देतात. त्यातले ३,००० बहिणीच्या शिक्षणासाठी बँकेत ठेव, असं बजावतात. तो बँकेत जातच नाही, आणि भागीदार पैसे घेऊन पळतो.

यावर आमच्यात वाद झाला. वॉल्टर चुकला, हे सगळ्यांनाच मान्य. पण लेकीचा वाटा लेकाच्या हाती दिलाच का?

बेनीथा भावाला तोडायला निघते, तेव्हा आई तिलाच दटावते: कोसळलेल्या माणसालाच माया जास्त लागते. शेवटी गोऱ्या वस्तीनं ‘येऊ नका’ म्हणून देऊ केलेले पैसे वॉल्टर नाकारतो. सगळे नव्या घरी निघतात.

लेकावर माया करूच. लेकीचे पैसे मात्र लेकीच्याच खात्यात भरू.