विभाग उभा करणारे डॉ. सेन

(हुडकेश्वर, नागपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



हुडकेश्वर आणि नरसाळा ही गावे २०१३ साली नागपूर महानगरपालिकेच्या हद्दीत आली. शेतांच्या जागी अभिन्यास पडले, घरे झाली, सेवानिवृत्तांची संख्या वाढली. अशा वसाहतीत सायंकाळी चार ज्येष्ठ मंडळी एकत्र बसली की बोलणे फिरून फिरून हृदयविकारावर येते. कोणाला स्टेंट बसवलेला असतो, कोणाची बायपास झालेली असते. प्रत्येकाच्या हकिकतीत एक ‘मोठे डॉक्टर’ असतातच. ‘मोठ्या डॉक्टरांनी पाहिले आहे’ असे कळले की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. हे मोठे डॉक्टर, म्हणजे रुग्णालयातील ज्येष्ठ हृदयरोगतज्ज्ञ किंवा हृदयशल्यविशारद, नेमके काय काम करतात, याचा विचार मात्र सहसा होत नाही. तो आज करायचा आहे, आणि तोही अशा एका पुरुषाच्या निमित्ताने, ज्याचे प्रारंभीचे शिक्षण याच नागपुरात झाले आणि ज्याचे नाव आज नागपूरकरांना जवळजवळ ठाऊक नाही.

डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचा जन्म १९१५ साली कोलकात्यात झाला. शिक्षणाचा प्रारंभ नागपुरात झाल्यावर वैद्यकीय शिक्षणासाठी ते मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात गेले. या महाविद्यालयाची आणि त्याला जोडलेल्या राजे एडवर्ड स्मारक रुग्णालयाची, म्हणजे आपल्या केईएमची, स्थापना १९२६ ची. देणगी देणाऱ्या विश्वस्तांनी एक अट घातली होती. येथील अध्यापक सुयोग्य पात्रतेचे भारतीय असावेत आणि ते सरकारी सेवेतील नसावेत, ही ती अट. वैद्यकीय सेवेतील वरिष्ठ जागा इंग्रज अधिकाऱ्यांकडेच जाण्याचा तो काळ होता. त्या काळी घातलेल्या त्या एका अटीने पुढे किती कर्तृत्वाला वाट मोकळी करून दिली, याचे मोल आज आपल्या लक्षात येत नाही. सेन याच संस्थेत शिकले, काही काळ अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्रगत शिक्षण घेऊन परतले आणि येथेच शल्यचिकित्सा विभागाचे प्रमुख झाले.

ज्या हृदयविकाराशी त्यांची गाठ पडली, तो आजच्यासारखा प्रौढांच्या रोहिण्यांत साचणाऱ्या चरबीचा नव्हता. तो होता गरिबांच्या मुलांचा. दाटीवाटीच्या घरात राहणाऱ्या मुलाचा घसा धरतो, ताप येतो, सांधे सुजतात. काही दिवसांनी सांधे बरे होतात आणि घरचे ते दुखणे विसरून जातात. पण संधिवाताचा तो ताप हृदयाच्या झडपेवर आपली खूण ठेवून गेलेला असतो. डाव्या बाजूची द्विदल झडप आकसत जाते, तिची पाने एकमेकांना चिकटतात. वीस-पंचवीस वर्षांची सून चार पायऱ्या चढली की धापा टाकू लागते आणि बाळंतपणात तिचे प्राण कंठाशी येतात. घसा दुखण्याच्या वेळीच पेनिसिलिन मिळाले तर हे सारे टळू शकते, हे ज्ञान आज आहे. एकदा ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यायचे असते, हेही आज माहीत आहे. पन्नासच्या दशकात वॉर्डात येणाऱ्या रुग्णाची झडप तोवर आवळलेली असे.

यावर तेव्हा जी शस्त्रक्रिया होती ती अशी. हृदय थांबवण्याची सोय नाही, कृत्रिम हृदय-फुप्फुस यंत्र हाताशी नाही. छातीची डावी बाजू उघडायची, हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या टोकाला पिशवीच्या नाडीसारखा टाका घालायचा, त्या टोकाला छेद द्यायचा आणि धडधडत्या हृदयात तर्जनी घालायची. टाका आवळलेला ठेवून रक्त बाहेर येऊ द्यायचे नाही. डोळ्यांना काहीच दिसत नाही. बोटाच्या टोकाला झडपेचा अरुंद झालेला काठ लागतो आणि त्याच स्पर्शाच्या आधारे चिकटलेली पाने विलग करायची. जोर कमी पडला तर रुग्ण होता तसाच राहतो. अधिक पडला तर झडप फाटते आणि होते त्याहून वाईट होते. हा स्पर्श पुस्तकातून शिकता येत नाही. वरिष्ठाच्या शेजारी उभे राहून, पुढे वरिष्ठाच्या देखरेखीखाली स्वतःचे बोट घालून तो शिकावा लागतो. ‘मोठे डॉक्टर’ या शब्दाचा पहिला अर्थ येथे सापडतो. स्वतःचा हात कसबी असणे पुरेसे नाही. तो हात दुसऱ्याच्या हातात उतरवता आला पाहिजे, आणि धाकट्याचे बोट हृदयात असताना स्वतः स्वस्थ उभे राहता आले पाहिजे. हे दुसरे काम पहिल्याहून अवघड आहे.

सेनांच्या विभागाचे आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. मोठ्या शहरातील सार्वजनिक रुग्णालयात रुग्णांचा पूर लोटतो. त्या पुरात केवळ हात मारत राहणे हीसुद्धा सेवाच आहे, ते कोणी नाकारणार नाही. पण सेनांनी त्या गर्दीकडे संशोधकाच्या नजरेने पाहिले. तरुण वयात रक्तदाब भयंकर वाढलेला आणि पायांची नाडी मात्र हाताला लागत नाही, असे रुग्ण त्यांना पुन्हा पुन्हा दिसत. पाश्चात्त्य ग्रंथांत याचा खुलासा समाधानकारक नव्हता. विकृतिशास्त्रज्ञ डॉ. किनरे, सहकारी डॉ. जी. बी. परुळकर आदींना बरोबर घेऊन त्यांनी महाधमनीच्या मधल्या भागाच्या या विकाराचे वर्णन १९६३ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. शल्यचिकित्सक आणि विकृतिशास्त्रज्ञ यांनी एकाच निबंधावर नाव घालणे वाटते तितके साधे नाही. रुग्णाबाबत झालेली चूक विकृतिशास्त्रज्ञाच्या टेबलावर उघडी पडते. त्याला शेजारी बसवण्याचे धैर्य सर्वच विभागप्रमुखांना असते असे नाही.

त्यांची दुसरी एक कल्पना त्या काळी चमत्कारिक वाटावी अशी होती. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाच्या भिंतीला रक्त मिळते ते बरेचसे थेट आतल्या पोकळीतून. मग ज्यांच्या रोहिण्या बंद झाल्या आहेत अशा माणसाच्या हृदयभिंतीला सुईने सूक्ष्म छिद्रे पाडली तर? हे प्रयोग १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे तीच दिशा धरून परदेशात सुईच्या जागी लेसर आला. साठच्या दशकात परळच्या एका महापालिका रुग्णालयात हा विचार चालला होता.

आणि मग आला १९६८ चा फेब्रुवारी. दक्षिण आफ्रिकेत डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातील पहिले मानवी हृदयप्रत्यारोपण केले त्याला अडीच महिनेही झाले नव्हते. केईएममध्ये कुत्र्यांवरील प्रत्यारोपणाचे प्रयोग आधीपासून चालू होते. सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यांत परुळकर होते, तरुण डॉ. शरद पांडे होते, भारतातील पहिले आणि जगातील सहावे हृदयप्रत्यारोपण केले. दात्री होती रेल्वे अपघातात सापडलेली एक तरुणी. नवे हृदय चालू झाले. पण रुग्णाच्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा दाब दीर्घ आजाराने इतका वाढलेला होता की त्याविरुद्ध रक्त ढकलणे त्या निरोगी हृदयाला झेपेना. सुमारे तीन तासांत रुग्ण दगावला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दुसरा प्रयत्न झाला. तो रुग्ण चौदा तास जगला.

या प्रसंगी सेनांचे मोजमाप कसे करायचे, हा खरा प्रश्न आहे. प्रसिद्धीच्या मोहापायी घाई केली, असे म्हणणारे तेव्हाही निघाले असतील, आजही निघतील. हे विसरून चालणार नाही की ‘मेंदूमृत्यू’ ही संकल्पना तेव्हा भारतीय कायद्यात नव्हती, हार्वर्डच्या समितीने तिचे निकष मांडले ते त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. शरीराने परके हृदय नाकारू नये यासाठीची प्रभावी औषधे हाताशी नव्हती. जगभर त्या वर्षी शंभराच्या आसपास प्रत्यारोपणे झाली, बहुतेक रुग्ण अल्पकाळात गेले आणि सत्तरीच्या प्रारंभी बहुतेक केंद्रांनी हे काम थांबवले. सेनही थांबले. ज्येष्ठाला पुढे जाण्याचे धाडस लागते तसेच थांबण्याचेही लागते. केवळ ईर्ष्येने तिसरा आणि चौथा रुग्ण टेबलावर घेतला गेला नाही, ही गोष्ट त्या दोन शस्त्रक्रियांइतकीच त्यांच्या खात्यावर जमा करावी लागेल.

१९६९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९८२ मध्ये ते निवर्तले. चित्रे काढणारा आणि कविता करणारा हा शल्यचिकित्सक लोकांच्या स्मरणातून हळूहळू गेला, पण विभाग चालू राहिला. परुळकर स्वतः पुढे मोठ्या पदांवर गेले आणि १९९८ मध्ये त्यांनाही पद्मभूषण मिळाले.

आता आपल्या गावाकडे येऊ. हुडकेश्वरहून मेडिकल चौक फार दूर नाही. १९४७ साली स्थापन झालेल्या तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि त्याच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात भंडारा, गोंदिया, गडचिरोलीपासून मध्य प्रदेशातील छिंदवाडा, बालाघाटपर्यंतचे रुग्ण येतात. सेनांच्या बोटाचे काम आता बरेचसे फुग्याने होते. मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी नेऊन तो फुगा झडपेत फुगवला जातो, छाती उघडावी लागत नाही. हृदयविकाराच्या झटक्यात निदान झाल्यापासून नव्वद मिनिटांच्या आसपास बंद रोहिणी उघडावी, असा दंडक आहे. ते शक्य नसेल तेथे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन अर्ध्या तासात द्यावे. रात्री दोन वाजता निवासी डॉक्टर ईसीजीचा फोटो मोबाइलवर पाठवतो आणि ज्येष्ठाला पलंगावर उठून बसून दोन मिनिटांत ठरवावे लागते. सकाळी त्याच ज्येष्ठाला एखाद्या रुग्णाच्या मुलाला सांगावे लागते की वडिलांना स्टेंटची गरज नाही, गोळ्या पुरतील. मुलाचा त्यावर विश्वास बसत नाही. खर्च केला नाही तर कर्तव्यात कसूर झाली असे त्याला वाटते. २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या कमाल किमती बांधून दिल्या, औषधी लेप असलेला स्टेंट २९,६०० रुपयांवर आणला, हे चांगलेच झाले. पण स्टेंट घालायचा की नाही हा निर्णय कोणत्याही अधिसूचनेने बांधता येत नाही. तो त्या ज्येष्ठाच्या विवेकावरच राहतो.

खासगी रुग्णालयांनीही नागपुरात उत्तम काम उभे केले आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. चिंता वेगळी आहे. हात शिकवण्याची जागा प्रामुख्याने सार्वजनिक रुग्णालय हीच आहे, आणि तेथील वरिष्ठ जागा रिक्त राहिल्याच्या बातम्या वृत्तपत्रांना नव्या नाहीत. जागा रिक्त राहिली की त्या दिवशीचा रुग्ण दुसरीकडे कोठेतरी जातो, त्याची सोय होते. पण त्या दिवशी वरिष्ठाच्या शेजारी उभा राहून जो शिकणार होता, त्याची सोय कोठेच होत नाही.

भारतात हृदयप्रत्यारोपण यशस्वी झाले ते ३ ऑगस्ट १९९४ रोजी, दिल्लीच्या एम्समध्ये, डॉ. पी. वेणुगोपाल यांच्या हातून. अवयवदानाचा आणि मेंदूमृत्यूचा कायदा संसदेने त्याच वर्षी केला होता. मुंबईला मात्र आणखी वाट पाहावी लागली. ३ ऑगस्ट २०१५ रोजी पुण्याहून विमानाने आणलेले हृदय मुलुंडच्या रुग्णालयात एका तरुणाच्या छातीत बसवले गेले आणि तो बरा होऊन घरी गेला. परळमधील त्या फेब्रुवारीला तेव्हा सत्तेचाळीस वर्षे झाली होती.