मुलाची गती आणि मुलाचा हक्क
(बुद्ध विहारातील पालक-सभेत केलेले भाषण)



चुल्लपंथक भिक्खूची कथा आपणांपैकी पुष्कळांनी ऐकली असेल. चार महिने घोकूनही त्याला एक गाथा पाठ होईना. भिक्खू असलेल्या त्याच्या थोरल्या भावानेच त्याला निघून जाण्यास सांगितले. तथागतांनी मात्र त्याच्या हाती एक स्वच्छ वस्त्र दिले व ते चोळीत बसण्यास सांगितले. वस्त्र मळत गेले, तसतसे त्याला अनित्यतेचे ज्ञान झाले आणि तो अर्हत्पदास पोहोचला. उणीव शिष्यात नव्हती, शिकविण्याच्या रीतीत होती.

प्रत्येक मुलाला त्याच्या गतीने शिकवावे, त्याच्या शरीराचा, मनाचा व बुद्धीचा एकत्र विकास साधावा, असे आज शिक्षणतज्ज्ञ सांगतात. ही श्रीमंतांच्या शाळांतील चैन आहे, असे आपल्यांतील कित्येकांस वाटते. वकील या नात्याने मी सांगतो की, ही चैन नव्हे, हा कायदा आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१-अ आले. त्यास अनुसरून २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला व १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. त्याच्या २४ व्या कलमान्वये प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून जरूर ते जादा शिक्षण देणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. कलम २९ सर्वांगीण विकास व भयमुक्त शिक्षण सांगते. कलम १७ शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई करते.

परंतु येथे एक धोका आहे. एक मजूर माता माझ्याकडे आली होती. "तुमच्या मुलाला झेपायचे नाही," असे सांगून शाळेने तिच्या मुलास शेवटच्या रांगेत बसविले होते. त्याला फळ्यावरचे अक्षर दिसत नव्हते, एवढेच कारण होते. चष्मा लागताच तो वाचू लागला. "मुलाची गती" या गोंडस नावाखाली त्याची जात मोजली जात नाही ना, हे आपण पाहिले पाहिजे. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना घरून नेलेल्या तरटावर वेगळे बसावे लागे, आणि शिपाई नसेल तर पाणीही मिळत नसे. ते वेगळेपण गरज पाहून दिलेले नव्हते. म्हणून कसोटी एकच: जादा शिकवणीने मूल वर्गाच्या बरोबरीला येते की कायमचे मागे ठेवले जाते? गती ज्याची त्याची असो. मुक्काम सर्वांचा एकच असला पाहिजे.

ही कसोटी लावणार कोण? आपणच. सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत, कलम २१ प्रमाणे, तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात. त्यांत वंचित घटकांना संख्येच्या प्रमाणात स्थान आहे आणि समितीत निम्म्या स्त्रिया हव्यात. तेथे जा आणि विचारा: माझे मूल कोठे बसते? त्याला काय येते? जे येत नाही, त्यासाठी आपण काय केले? उत्तर न मिळाल्यास कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा. तिचा निकाल तीन महिन्यांत देण्याचे बंधन आहे.

सही येत नसेल तर अंगठा द्या, पण तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी गाऱ्हाण्याची नोंद राहत नाही.

जय भीम!