तारापूर लांब, बिडी खिशात

(कुडवा येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

मंडळी, केंद्रक, प्रोटॉन, न्यूट्रॉन हे सगळं तुम्ही शाळेत शिकलात, ते सोडून देतो. काही केंद्रकं अस्थिर असतात आणि आपसूक किरण टाकत बदलत जातात, एवढं धरून चला.

विषय तारापूरचा आहे. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र, 1969 सालचं. तिथे न्यूट्रॉन लागला की युरेनियम-235चं केंद्रक दुभंगतं, नवे दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात आणि साखळी चालते. असं एक किलो युरेनियम पूर्ण दुभंगलं, तर अडीच हजार टनांहून जास्त कोळशाची उष्णता मिळते. तिरोड्याच्या वीज केंद्राला जाणाऱ्या कोळशाच्या मालगाड्या तुम्ही रोज बघता, हिशेब तुम्हीच करा.

पण किरणोत्सार म्हटलं की आपण तारापूरकडे बोट दाखवतो. माझं म्हणणं आहे, बोट आधी खिशातल्या बिडीकडे वळवा. सध्या तेंदूचा हंगाम आहे. पहाटे जंगलात जाऊन पानं तोडायची, दुपारी पुडे बांधायचे, हे इथल्या घराघरांतलं काम. त्या पानात वळला जाणारा तंबाखू निपाणीकडून, गुजरातेतून येतो. जमिनीतल्या युरेनियमपासून रेडॉन वायू होतो, हवेत मिसळतो. त्याचं पुढचं अपत्य शिसं-210 तंबाखूच्या चिकट, लवदार पानावर बसतं. त्यातून पोलोनियम-210 तयार होतं. मेरी आणि पिएर क्युरींनी 1898 साली शोधलेलं तेच मूलद्रव्य. तंबाखू पेटला की ते धुरासोबत छातीत उतरतं.

(मागून : "म्हणजे आमचा धंदा बंद करता का, सर?" हशा.)

नाही हो! बिडी वळणाऱ्या बायकांच्या पोटावर पाय द्यायला मी आलेलो नाही. पोलोनियमचे अल्फा कण कातडीच्या वरच्या थरातच अडतात. त्या बायकांना खरा त्रास तंबाखूच्या धुळीचा आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही याचा मला राग येतो.

आता हा कागद. सभागृहातूनच आलेला प्रश्न, आणि फार चांगला आहे : "माणसाच्या अंगातच पोटॅशियम-40 आहे, सेकंदाला चारेक हजार अणू किरण टाकतात. मग बिडीचं काय घेऊन बसलात?" आकडा बरोबर आहे. एका सिगारेटमध्ये पोलोनियम 10 ते 20 मिलीबेकरेल, म्हणजे मिनिटाला एखाद-दुसराच अणू. पण पोटॅशियमची ऊर्जा अंगभर विखुरते. अल्फा कण आपली सगळी ऊर्जा दोन-चार पेशींच्या अंतरात ओततो, आणि फुप्फुसात त्या पेशींवर कातडीचं कवच नसतं. श्वासनलिकेला जिथे फाटे फुटतात तिथे हा माल साचतो. शिसं-210चं अर्धं आयुष्य 22 वर्षांचं, त्यामुळे रोजच्या झुरक्यांची भर पडतच जाते. धुरातली रसायनं कर्करोगाला कारण आहेतच, त्यात ही भर. म्हणून "किती" इतकंच "कुठे" हेही विचारा. शाळेत हे शिकवत नाहीत, ते शिकवलं पाहिजे.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय. तारापूरच्या कचऱ्याचा भाग राहिला. थोडक्यात : वापरलेलं इंधन आधी पाण्याच्या तलावात ठेवतात, पाणी उष्णताही शोषतं आणि किरणही अडवतं. बाकीचे प्रश्न बाहेर विचारा, मी थांबतो. फक्त बिडी विझवून या.