शेवटून पहिले
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



पहिल्या आलेल्यांचे सत्कार आत्ताच झाले. आम्ही मात्र शेवटी आलेल्या एका माणसाविषयी बोलणार आहोत.

जोव्हान्नी पिनारेल्लो यांचा जन्म १९२२ साली इटलीत, त्रेव्हिझो शहराजवळ झाला. बारा भावंडांतले ते आठवे. पुढे ते व्यावसायिक सायकलपटू झाले. 'जिरो द इतालिया' ही तिकडची सुमारे तीन आठवडे चालणारी शर्यत. १९५१ साली ती मान्यी यांनी जिंकली, आणि पिनारेल्लो सर्वांत शेवटी आले. शेवटच्याला तेव्हा काळी जर्सी मिळे. ती त्यांना मिळाली. शर्यत अर्ध्यावर सोडणाऱ्याला तीही मिळत नसे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

१९५२ साली त्यांच्या बोत्तेक्या संघाने त्यांना बाजूला व्हायला सांगितले. त्यांच्या जागी फोर्नारा या सरस खेळाडूला उतरवायचे होते. भरपाई म्हणून एक लाख लिरा हातावर ठेवले. मित्रहो, तिशीला टेकलेला माणूस, आणि खेळ हेच पोट!

आम्ही बँकेत नोकरी करतो. एकरकमी आलेला पैसा कसा विरघळतो, हे काउंटरच्या आतून रोज पाहतो. यांनी मात्र त्या पैशांतून त्रेव्हिझोत सायकलचे दुकान काढले. पुढे शर्यतीच्या सायकली बनवल्या. १९७५ साली बेर्तोल्यो यांनी तीच जिरो जिंकली, ती पिनारेल्लो सायकलवर. १९८८ साली डेल्गाडो यांनी टूर द फ्रान्सही याच सायकलवर जिंकली. पिनारेल्लो २०१४ साली वारले.