पदव्युत्तर शिक्षण आणि शिष्यवृत्त्यांची सांगड



बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, हे शाळेतील मुलांसही ठाऊक असते. ती शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा निघाले, ते सिडनहॅम महाविद्यालयातील वेतनातून साठविलेली पुंजी, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज अशी तिहेरी तजवीज करून. हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

धाराशिव जिल्ह्यातील विद्यार्थ्यासही आज अशीच तजवीज करावी लागते. परंडा तालुक्यातील एका शेतमजुराची, अनुसूचित जातीची मुलगी मराठवाडा विद्यापीठाच्या धाराशिव उपपरिसरात एम.ए.ला प्रवेश घेते, असे समजू. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांच्या आत असल्याने ती भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीस पात्र ठरते. शुल्काचा प्रश्न सुटला. खोली आणि जेवणाचा उरला.

येथे एक गैरसमज आड येतो. एक शिष्यवृत्ती घेतली की दुसरी घेता येत नाही, असे गावोगावी सांगितले जाते, आणि ते अर्धेच खरे आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती घेणाऱ्यास दुसरी शिष्यवृत्ती किंवा विद्यावेतन घेता येत नाही. दोन्ही मंजूर झाल्यास एकीची निवड करावी लागते. परंतु मोफत निवास, अथवा पुस्तके, भोजन व निवास यांसाठी शासनाकडून वा अन्यत्र मिळणारे साहाय्य स्वीकारण्यास नियमांची मुभा आहे. खर्चाची बाब वेगळी असेल तर साहाय्यही वेगळे घेता येते.

ज्यांना शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळत नाही, त्यांच्यासाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. धाराशिवसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी भोजनासाठी २५,०००, निवासासाठी १२,००० आणि निर्वाहासाठी ६,००० असे वर्षाला ४३,००० रुपये योजनेने ठरविले. मात्र मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतील निर्वाह भत्ता त्यातून वजा होतो. तो ३,००० रुपये असेल तर स्वाधारचे ४०,००० हाती येतील. ही वजावट ठाऊक नसल्याने रक्कम कमी आली म्हणून पालक कार्यालयाच्या पायऱ्या झिजवितात, आणि पुष्कळदा त्यांना कारण कोणी समजावून सांगत नाही.

खुल्या प्रवर्गातील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतही हेच तत्त्व चालते. राजर्षी शाहू महाराज योजनेतून शुल्काचा भाग आणि डॉ. पंजाबराव देशमुख योजनेतून पात्र अभ्यासक्रमांस वसतिगृह निर्वाह भत्ता, अशी सांगड घालता येते.

खरी अडचण रकमेपेक्षा वेळेची आहे. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. राज्याचा वाटा दिला गेल्यावर केंद्राचा वाटा विद्यार्थ्याच्या आधार-संलग्न खात्यात थेट जमा होतो. त्यात शुल्काचेही पैसे असतात आणि ते विद्यार्थ्याने संस्थेस भरावयाचे असतात. घरात आजारपण निघाले, पेरणीला बियाणे हवे झाले, की ते पैसे खर्ची पडतात. मग शुल्क थकते. यात अप्रामाणिकपणा नसतो. ते पैसे कशाचे आहेत हेच घरात कोणास ठाऊक नसते. संस्थेने आधी शुल्क मागावे की शिष्यवृत्तीची वाट पाहावी, हा वादही जुना आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतील विद्यार्थ्यांनी भोजन व वसतिगृहाच्या शुल्कावरूनच आंदोलन केले. ते मुंबईपुरते राहिले नाही. तुळजापूरच्या परिसरातही पोहोचले.

ग्रामपंचायत सदस्य आणि शिक्षक यांच्या हाती येथे बरेच आहे. उत्पन्नाचा दाखला प्रवेशाच्या धांदलीत नव्हे, तर निकालापूर्वीच काढून ठेवावा. बँक खाते आधारशी जोडलेले आहे की नाही, हे पासबुक पाहून नव्हे, बँकेत विचारून कळते. वसतिगृहाचा अर्ज आधी करावा; तेथे जागा न मिळाल्यास स्वाधारचा. आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा भरावा लागतो. पहिले वर्ष सुरळीत पार पडलेल्या घरात तो विसरला जाण्याची भीती अधिक असते.