आखडलेला खांदा : कोणता उपचार, केव्हा?
(दवनीवाडा येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



शिक्षणाच्या व्यासपीठावर खांद्याचे दुखणे कशाला, असे आपल्या मनात आले असेल. परंतु अम्मीचा हात आखडला की पाणी भरण्यासाठी घरी राहते ती मुलगी, आणि अब्बांचा हात आखडला की धानाच्या रोवणीत शाळा बुडते ती मुलाची. म्हणून हा विषय शाळेचाही आहे.

हा आजार हळूच येतो. केस विंचरताना, ओढणी सावरताना, नमाजात तकबीरसाठी हात कानापर्यंत नेताना खांदा अडू लागतो. रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. दुसऱ्याने हात उचलून पाहिला तरी तो वर जात नाही, ही त्याची मुख्य खूण होय. सांध्याभोवतीचे आवरण सुजते, जाड होते आणि आखडते. डॉक्टर यालाच ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणतात. चाळीस ते साठ या वयात, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो अधिक आढळतो. मधुमेह असणाऱ्यांना त्याचा धोका कितीतरी जास्त असतो. म्हणून खांदा आखडला की रक्तातील साखर अवश्य तपासून घ्यावी. कित्येकदा मधुमेहाचा पत्ता प्रथम येथेच लागतो.

आजाराच्या तीन अवस्था आहेत. पहिलीत वेदना फार, दुसरीत वेदना कमी पण खांदा जखडलेला, तिसरीत तो हळूहळू मोकळा होतो. या साऱ्यास एक ते तीन वर्षे लागू शकतात. कोणता उपचार चांगला, हे विचारण्यापूर्वी आपण कोणत्या अवस्थेत आहोत हे पाहावयास हवे.

पहिला उपचार म्हणजे शेक, डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी आणि व्यायाम. पुढे वाकून हात लोलकासारखा झुलविणे, भिंतीवर बोटे चालवीत वर नेणे, हे व्यायाम घरी करता येतात आणि त्यांना पैसा लागत नाही. मात्र वेदना तीव्र असताना जोर लावू नये. कोणाकडून हात ओढून घेणे तर कटाक्षाने टाळावे.

दुसरा उपचार सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन. पहिल्या अवस्थेत वेदना कमी करण्यास ते उपयोगी पडते. वेदना उतरली की व्यायाम करता येतो, हा त्याचा खरा लाभ. त्याचा गुण काही आठवडे ते काही महिने टिकतो. स्टिरॉइड हे नाव ऐकूनच घाबरू नये. महिनोन्‌महिने गोळ्या घेणे वेगळे आणि सांध्यात एक इंजेक्शन घेणे वेगळे. परंतु त्यानंतर काही दिवस साखर वाढते, हे मधुमेही व्यक्तीने ध्यानात ठेवावे.

तिसरा मार्ग भूल देऊन खांदा फिरवून मोकळा करण्याचा. यात क्वचित हाड मोडण्याचा धोका असतो. चौथा, दुर्बिणीद्वारे आखडलेले आवरण कापण्याची शस्त्रक्रिया. या दोन्हींनंतरही व्यायाम सुटत नाही.

मग श्रेष्ठ कोणता? ब्रिटनमध्ये 35 रुग्णालयांतील 503 रुग्णांवर या उपचारांची तुलना झाली. तिचे निष्कर्ष 2020 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. इंजेक्शनसह व्यायाम, भुलीखाली हालचाल आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया या तिघांत वर्षअखेर रुग्णांना जाणवेल असा मोठा फरक आढळला नाही. गंभीर गुंतागुंत एकंदरीत थोडी होती, पण शस्त्रक्रियेत ती अधिक होती. याचा अर्थ शस्त्रक्रिया वाईट असा नव्हे. महिनोन्‌महिने नेटाने व्यायाम करूनही खांदा सुटत नसेल तर तिचा विचार जरूर करावा. परंतु पहिल्याच महिन्यात शेत गहाण टाकून तिच्यामागे धावण्याचे कारण नाही.

साखर तपासण्यासाठी आपले प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. पुढील सल्ल्यासाठी गोंदियाला 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. एक सावधगिरी मात्र बाळगावी: डाव्या खांद्याच्या कळेबरोबर छातीत दाब, घाम किंवा धाप असेल तर तो खांद्याचा आजार समजून घरी बसू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे. पडल्यानंतर हात उचलेनासा झाला, किंवा ताप येऊन सांधा लाल झाला, तरीही विलंब करू नये.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटचे सांगणे तुम्हांला आहे. अम्मीला रोज सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे भिंतीजवळ उभे करा. तिची बोटे आज कोठवर पोचली तेथे पेन्सिलीने रेघ ओढा. आठवड्यांनी रेघ वर सरकलेली दिसेल, आणि औषधाइतकाच धीर ती रेघ देईल. पालकहो, आपणांस विनंती इतकीच, की घरातील काम मुलगा-मुलगी दोघांत वाटून द्या. खांदा आज ना उद्या सुटेल. पण त्यापायी मुलीची शाळा एकदा सुटली, तर ती पुन्हा धरणे फार कठीण असते.